दोन्ही हातांनी घरी ये

मी स्वभावानेच भित्री आहे. कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही तरी मी स्वयंपाकघराबाहेर जाऊन उभी राहते. गंमत म्हणजे तो कुकर मला एका कवितेने मिळवून दिला.

नवऱ्याच्या पिंपरीतल्या कंपनीत दर वर्षी सेफ्टी सप्ताह असायचा, आणि त्यात कामगारांच्या बायकांसाठी कवितांची स्पर्धा. आमच्या लग्नाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. कंपनीतलं एक अक्षर घरी न काढणारा हा माणूस त्या वर्षी एका संध्याकाळी जेवता जेवता थांबला. त्याने दोन वाट्या रिकाम्या केल्या, फरशीवर पालथ्या घातल्या आणि मला प्रेस मशीन समजावून सांगायला लागला.

"ही दोन बटणं. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा साचा खाली येतो. म्हणजे पत्र्यावर घाव पडतो तेव्हा दोन्ही हात बटणांवर. मध्ये कुणाचा हात येणारच नाही. कळलं?"

कळलं. भांडी घासता घासता कविता झाली. तिचा शेवट असा होता:

दोन बटणं दोन हातांना,
एकट्याचं इथे चालत नाही.
दोन्ही हातांनी दाब, राजा,
दोन्ही हातांनी घरी ये.

पहिलं बक्षीस कुकर. कविता फ्रेम करून कँटीनमध्ये लावली. पुढे नवरा निवृत्त होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ जन्मभर, मी त्या दोन बटणांच्या भरवशावर निर्धास्त राहिले. जगातल्या सगळ्या गोष्टींना भ्यायले, फक्त त्या मशीनला भ्यायले नाही.

यंदा कुठल्याशा मुलीने ती कविता मोबाईलवर म्हटली. तिचे वडील त्याच कँटीनमध्ये जेवायचे म्हणे. खाली लिहिलं होतं, कवी अज्ञात. बघता बघता ती सगळीकडे झाली. नव्या नवरीच्या मेंदीच्या व्हिडिओवर माझी कविता, जिममध्ये वजनं उचलणाऱ्या पोरांवर माझी कविता. डांगे चौकात भाजी घ्यायला गेले तर भाजीवालीच्या फोनवरही तीच. मी कोथिंबीर निवडल्याचं सोंग करत पूर्ण ऐकली. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

माझा मुलगा चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात आहे, कॉन्ट्रॅक्टवर. तोही प्रेसवरच. त्याने सगळ्या मित्रांना सांगून टाकलं, ही माझ्या आईची कविता. मग मित्रांनी तिच्यावर त्याचाच व्हिडिओ केला. सेकंड शिफ्टला निघायच्या आधी, जेवताना, त्याने मोठ्या कौतुकाने तो माझ्यासमोर धरला.

"बघ आई, तुझा हीरो."

मी बघितलं. पोरगं मशीनवर छान दिसत होतं. उजव्या हाताने बटण दाबत होतं आणि डाव्या हाताने साच्याखाली पत्रा सरकवत होतं. डावं बटण आत दाबून त्याच्यावर खाकी टेप गुंडाळलेली होती. साचा खाली यायचा, त्याच्या जेमतेम आधी हात बाहेर यायचा. पुन्हा आत. वर माझे शब्द चालू होते, दोन्ही हातांनी दाब, राजा.

हातातली पोळी तशीच राहिली.

"ते बटण का बांधलंय?"

"टार्गेट, आई. दोन्ही हातांनी दाबत बसलो तर निम्मे पीस पण निघायचे नाहीत."

"मग सुपरवायझरला सांग ना!"

"त्यानेच बांधून दिलंय." तो हसला. "आणि जास्त बोललो तर उद्यापासून येऊ नको म्हणायला त्यांना एक फोन पुरतो. सगळे तसंच करतात गं."

"सगळे करत नाहीत," मी ओरडले. "तुझ्या बाबांना विचार. इतकी वर्षं मशीनवर काढली त्यांनी. अहो, सांगा ना त्याला!"

नवरा ताटात बघत होता. भात कालवून झाला होता तरी कालवतच होता. मला वाटलं, ऐकलं नाही. म्हणून मी पुन्हा म्हटलं, सांगा.

"आमच्याकडेही बांधायचे," तो म्हणाला.

"तुम्ही नाही ना?"

"मीही."

मुलगा जेवायचा थांबला.

"त्या वर्षी शेजारच्या मशीनवरच्याचा हात गेला," नवरा म्हणाला. "त्याच दिवशी मी तुला वाट्या मांडून दाखवल्या. तेव्हा सगळ्यांनी टेपा काढल्या होत्या. मीही काढली होती."

"मग?"

"सप्ताह संपेपर्यंत."

म्हणजे माझी कविता त्या भिंतीवर असताना, तिच्यासमोर जेवून हा माणूस रोज परत जात होता आणि एक हात साच्याखाली घालत होता. आणि मी इथे थेरगावात निवांत पापड वाळत घालत होते. होऊन गेलेल्या वर्षांची भीती एकदम अंगावर आली. मला त्याचा राग आला, आणि त्याचे दोन्ही हात धरून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. मुलाची बस यायची वेळ झाली होती.

तो बूट घालत होता. मी म्हटलं, "आज ती टेप काढ." तो "बघतो" म्हणाला. बापाकडे न बघता गेला.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. ग्रुपवर कुणीतरी तीच कविता पुन्हा पाठवली, खाली हात जोडल्याची चित्रं. ती वाजायला लागली तसा मी फोन उशीखाली दाबला. मग मुलाचा फोन आला तर कळणार नाही म्हणून लगेच बाहेर काढला. नवरा दारात खुर्ची टाकून बसला होता. आज त्यालाही चहा नको होता.

चहाच्या सुट्टीत मुलाचा फोन आला.

"काढलीस का?"

"आई, बेल होईल आता. ठेवतो."

"थांब. फोन कुठल्या हातात आहे?"

"उजव्या. का?"

"डाव्यात घे."

पलीकडे नुसता मशीनचा आवाज.

"घेतलास?"

"घेतला गं," तो म्हणाला.