डाव्या पंखाखालची माती

मी विमान विकत घेतलं याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. हे आधीच सांगून टाकतो. मी काही कबूल करतोय हे कळलं की गोंदियातले बरेच लोक पहिल्यांदा तेच शोधतील. शोधू नका. कोहळी जातीच्या घरात जन्मलेल्या, राईस मिल चालवणाऱ्या माणसानं साठाव्या वर्षी उडायला शिकावं आणि पासष्टाव्या वर्षी दोन माणसांचं जुनं विमान घ्यावं, यात मला तेव्हाही काही चूक वाटली नाही आणि आज वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही वाटत नाही. आमच्या पूर्वजांनी भर जंगलात मातीचे बांध घालून, पाणी अडवून तलाव केले तेव्हा त्यांनाही लोक येडेच म्हणाले असतील.

माफी मागायची आहे ती एका माणसाची. त्याचं नाव लिहीत नाही, तसं त्यानंच सांगितलं आहे. त्याला मी मिस्त्री म्हणायचो, आणि तो मला काकाजी.

मिस्त्री केशोरीकडच्या जंगलपट्ट्यातला, गोंड घरातला. बाप जंगलखात्याच्या मजुरीवर. हा पोरवयात गोंदियाच्या धावपट्टीच्या कडेचं गवत कापायच्या कामाला आला आणि तिथंच राहिला. आधी विमानं पुसली, मग हत्यारं हातात देऊ लागला, मग पुस्तकं मागून घेऊन परीक्षा दिल्या. एक एक पेपर तीन तीनदा दिला, पण शेवटी दुरुस्तीचा परवाना मिळवला. म्हणजे विमान तपासून वहीत त्यानं सही केली तरच ते उडू शकायचं. त्याच्या आईला अक्षरओळख नव्हती. बाजारात ती बायांना सांगायची, "माह्या पोरानं नाव लिवलं का इमान उडते."

विमान पाहायला मी त्यालाच घेऊन गेलो होतो. दुसऱ्या राज्यातल्या एका क्लबाला ते काढायचं होतं. विकणाऱ्यानं आम्हाला चहा पाजला, नवा पांढरा रंग दाखवला, निळा पट्टा दाखवला. मिस्त्री विमानाकडे गेलाच नाही. तो आधी वह्या घेऊन बसला. विमान पहिल्यांदा उडलं त्या दिवसापासूनच्या सगळ्या वह्या त्यानं पहिल्या पानापासून वाचल्या. विकणारा वैतागला.

"अहो, काय वाचताय एवढं? रंग बघा, कालच दिलाय."

"रंग मी शेवटी पाहतो," मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन विमानाच्या पोटात शिरला. एक एक रिव्हेट नखानं वाजवून पाहिलं. संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाला, "घ्या काकाजी. म्हातारं हाये, पण खोटं नाई."

ते वाक्य मी पुढं खूप वेळा आठवलं.

ते म्हातारं विमान आम्ही दोघांनी दोन वर्षं सुधारलं. इंजिन पूर्ण उघडून नव्यानं बांधून आणलं. रेडिओ बदलला. उंदरांनी खाल्लेली वायरिंग काढून नवी टाकली. खुर्च्यांना नवं रेक्झिन लावलं. गोंदियात विमान ठेवणं सोपं नाही. चार महिने दमट हवा, मग मिलांचा कोंडा उडतो तो प्रत्येक फटीत बसतो, आणि उघडी नळी दिसली की तिच्यात काही ना काही जाऊन राहतं. मिस्त्रीनं प्रत्येक नळीसाठी कापडी टोपी शिवून घेतली होती. तिला लाल फीत, म्हणजे उडण्याआधी काढायची विसरू नये.

"काकाजी, इंजिन धोका देत नाई," तो म्हणायचा. "कुंभारीण देते."

कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी. चिखलाच्या गोळ्या आणून भिंतीत घर बांधते. आमच्याकडे ते घर कुणी फोडत नाही. कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, असं मानतात. बाया झाडताना केरसुणी बाजूनं नेतात.

आता त्या आठवड्याचं सांगतो.

इंजिन नव्यानं बसवल्यानंतरची सगळी तपासणी संपली. मिस्त्रीनं वहीत सही केली, टोप्या घातल्या आणि गावच्या मंडईला गेला. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, लेकी माहेरी येतात, रात्रभर दंडारीचा खेळ चालतो. जाताना म्हणाला, "मी सोमवारी येतो. तोवर उडू नका. उडलेच तं नळ्यांत काडी घालून पाहा. सगळ्या."

गुरुवारी मी मिलवाल्या मित्रांना विमान दाखवायला नेलं. फोटोत लाल फिती वाईट दिसतात म्हणून टोप्या काढल्या. त्या परत घातल्या नाहीत. टोप्या मीच काढल्या होत्या. हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यातला एक मित्र पंखावर थाप मारून म्हणाला, "क्या सेठ, ये उडता भी है या धान ढोने के काम का है?"

दुसरा म्हणाला, "काकाजीचं इमान खालीच सोभते बाप्पा."

मी म्हणालो, "शनिवारी सकाळी नऊला मिलच्या अंगणात उभे राहा. वर पाहा."

शनिवारी सकाळी मी विमानाभोवती फिरलो. डाव्या पंखाखाली एक वाकडी नळी असते. इंधनाची टाकी तिच्यातून श्वास घेते. इंधन जसं कमी होतं तशी बाहेरची हवा तिच्यातून आत येते. ती बंद झाली की टाकी इंधन धरून ठेवते, इंजिनाला देत नाही. तर त्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण बसली होती. ओली माती आत नेऊन लावत होती. मी पाहिली. चांगली दोन मिनिटं पाहत उभा राहिलो.

माझ्या मुलीला लग्नानंतर अकरा वर्षांनी तिसरा महिना लागला होता. दोन वेळा आधी घडू नये ते घडलं होतं. तिची आई रोज देवघरापुढं बसून राहायची, घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. माझ्या हातात काडी होती. ती मला नळीत घालता आली नाही.

याची मला लाज वाटत नाही. शिकलेली माणसं हसतील, हसू देत. माझ्या जागी त्यांची मुलगी असती तर त्यांच्याही हातून काडी गेली नसती. घर ठेवायचं होतं तर ठेवावं, पण मग त्या दिवशी उडू नये, एवढी साधी गोष्ट होती. विमान आत ढकलून घरी जायचं आणि मित्रांच्या चार टोमण्यांना तोंड द्यायचं. तेवढं मला जमलं नाही. मी मनाशी म्हणालो, एवढीशी माती, उजव्या पंखातल्या जोडटाकीच्या झाकणातून थोडी हवा येतेच. आणि चढलो.

नऊ वाजता मिलवरून गेलो. खाली पांढरे सदरे हात हलवत होते. शेजारच्या मुर्री गावात आमच्या घरावरून एक फेरी घातली. तिथून परत फिरायचं, पण मला चेव आला होता. दक्षिणेकडे निघालो. सौंदड स्टेशनच्या अलीकडे इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. मग नाकावरचा पंखा डोळ्यांदेखत हळू झाला आणि थांबला. कारण मला तेव्हाच कळलं, पण खाली पाहण्यापलीकडे काही करायला वेळ नव्हता.

खाली बांध्या होत्या, बांध घातलेली धानाची शेतं. कापलेल्या धानाच्या कडपा ओळीनं पसरल्या होत्या. त्यातली लांबशी बांधी पाहून विमान टेकवलं. टेकलं छान, पण पुढच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चाक आपटलं आणि विमान नाकावर उभं राहिलं. माझं गळ्याजवळचं खांद्याचं हाड मोडलं. कापणी करणाऱ्या बाया विळे घेऊन धावत आल्या. दार उघडून मला बाहेर ओढलं, पाणी पाजलं. मी शुद्धीवर आहे हे पाहिल्यावर त्यातली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन जी, इथं कायले उतरले? टेशन तं तिकडे हाये."

पुढं चौकशी झाली. नळीत माती सापडली, तोवर ती वाळून दगड झाली होती. चौकशीच्या साहेबांनी मला विचारलं, उडण्याआधी ही नळी पाहिली होती का?

मी म्हणालो, "पाहिली. बाहेरून साफ होती."

चार शब्द. बाहेरून साफ, तर माती आत खोल होती. आत खोल होती, तर जुनी होती. जुनी होती, तर मिस्त्रीनं तपासणी न करताच सही केली. मी त्याच्यावर आरोप केला नाही. करायची गरजच पडली नाही.

मिस्त्री माझ्या बिछान्याशी येऊन उभा राहिला होता. "काकाजी, मी काडी घातली होती. टोपी घातली होती. तुमाले माहीत हाये ना?"

मी डोळे मिटून घेतले. आजारी माणसाला ती सोय असते.

त्याचा परवाना आधी काही महिन्यांसाठी थांबवला. नंतर परत मिळाला, पण ज्याच्या सहीचं विमान धानात उतरलं त्याला कोण काम देणार? तो गावी गेला. त्याची आई वारली. बाजारात ती नंतर काय सांगत होती, हे मी कधी विचारलं नाही.

विमान माझ्या मिलच्या शेडमध्ये पडून आहे. नात आता सहा वर्षांची आहे, तेव्हा पोटात असलेलीच ती. मागच्या सुट्टीत ती त्याच्या खुर्चीत बसून खेळत होती. माझ्या मुलाला म्हणाली, "मामा, हे कुणी मोडलं?"

मुलगा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "एक मिस्त्री होता. त्यानं."

त्या संध्याकाळी मी सगळं लिहून काढलं, आणि मुलाला वाचायला दिलं. तो म्हणाला, "बाबा, आता या वयात कायले? घराचं नाव जाईल." मी म्हणालो, जाऊ दे. त्याचं नाव गेलं तेव्हा आपण जेवलोच ना? बायकोनं माझा धुतलेला सदरा काढून ठेवला.

केशोरीला पोचलो तेव्हा मिस्त्री अंगणात मळणीयंत्र उघडून बसला होता. केस पिकले होते. त्यानं मला खाट दिली, पाणी दिलं आणि पुन्हा पाना हातात घेतला. मी कागद पुढं केले. त्यानं हात पुसले आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली, घाई न करता, त्या वह्या वाचल्या होत्या तशी. टोप्यांच्या ओळीवर थांबला. पुढं कुंभारणीच्या ओळीवर जास्त थांबला.

"पोरगी बरी हाये?" त्यानं विचारलं.

"बरी आहे. नात झाली."

"मले तवाच सांगतले असते, तं मी ते घर अलगद काढून भिंतीले लावून देलो असतो. येते मले." मग तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला, "सहा वर्सं, काकाजी! माय गेली माही!"

मी मान खाली घातली नाही. त्याच्याकडे पाहत राहिलो. तेवढं तरी त्याचं देणं लागत होतो.

मग त्यानं पेन मागितला. माझ्या लिखाणात मी 'पंखाखालची नळी' असं लिहिलं होतं. त्यानं तिथं 'डाव्या' हा शब्द घातला. आणखी एका ठिकाणी तपासणीचा क्रम चुकला होता, तो नीट केला. चुकीचं काही त्याच्याकडून पुढं जात नाही.

मी म्हणालो, "खाली तूही सही कर. वाचून बरोबर आहे म्हणून."

"नाई," तो म्हणाला आणि कागद माझ्याकडे सरकवले. "हे तुमी उडवलं. सही तुमची."

मी त्याच्या खाटेवर बसून सही केली. एक प्रत चौकशीच्या कार्यालयात गेली आहे. एक मिलच्या फाटकावर लावली आहे, जिथं ते पांढरे सदरे हात हलवत उभे होते. पावसानं खराब झाली की नवी लावतो. मुलगा दोनदा काढून घेऊन गेला. मी तिसरी लावली.