माझ्या नावाचा ठराव

पाहुण्यांनी चहा संपवला आणि रिकामा कप माझ्या हातात देऊन ते पुढं गेले. माझ्या तोंडाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मी नगरसेविका. निवडून आलेली. आमच्या नगरपंचायतीच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन होतं आणि मी मंडपाच्या दारात उभी होते. डोक्यावर पाटी, पाटीत गेल्या सुगीची नाचणीची कणसं, भाताच्या लोंब्या. अंगाला आईचं लुगडं, गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पुण्याचे पाहुणे, त्यांना काय माहीत. त्यांना वाटलं असंल वाढणारी बाई आहे, नाहीतर नाचाच्या पथकातली. मागून आबा येत होते. आबा म्हणजे आमचे नगराध्यक्ष. मला वाटलं, आता सांगतील, या आमच्या नगरसेविका. आबांनी कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हसले.

"ठिवा की तिकडं टेबलावर," म्हणाले.

ठेवला मी. एका हातानं पाटी सावरत गेले आणि ठेवून परत दारात येऊन उभी राहिले. बाकीचे नगरसेवक आत खुर्च्यांवर बसले होते, फेटे बांधून.

आठ दिवस आधी आबांचा निरोप आला होता. "ताई, तुमच्या पद्धतीचं नेसून या. फोटो चांगला येतो." मी साधी गोल साडी नेसते. फॉल-पिकोची मशीन आहे माझी, दिवसभर त्यावर बसते, मला लुगडं कुठलं जमायला. आईकडं गेले वर डोंगरात. आईनं ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं काढलं, मला समोर उभं केलं आणि स्वतःच्या हातानं नेसवलं. लई खूश होती. सारखी म्हणत होती, "मानानं बोलावलंय तुला." कपाचं मी आईला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर उद्या म्हणतील, बाईनं गावाची बदनामी केली. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातलं गाव समजा. परवापरवापर्यंत ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत झाली. गावाच्या उगवतीला बागायत, द्राक्षं, ऊस, कॅनॉलचं पाणी. मावळतीला डोंगर. डोंगरात आम्ही महादेव कोळी. भात, नाचणी, वरई, हिरडा. माझं लग्न झालं आणि मी खाली गावात आले. ह्यांचा टेंपो आहे, टोमॅटोच्या दिवसांत नारायणगावच्या मार्केटला भाडी मारतात.

आमचा वॉर्ड राखीव पडला. अनुसूचित जमाती, महिला. त्या वॉर्डात आमची घरं किती, मोजकी. आबा स्वतः घरी आले, ओट्यावर बसले, पाणी प्याले. "काळजी करू नका. सगळं आमी बघतो. तुमी फकस्त उभ्या राहा," म्हणाले. मी उभी राहिले. पुढं मंडपाच्या दारातही तेच करायला लावलं मला, उभं राहायला.

सभा कशी चालते ते सांगते, म्हणजे पुढचं कळंल. लांब टेबल. मधी आबा, शेजारी मुख्याधिकारी साहेब. लिपिक नुसता नंबर वाचतो. "विषय चार." आबा म्हणतात, "मंजूर." "विषय पाच." "मंजूर." विषय काय आहे ते कुणी विचारत नाही, विचारलं की सगळे घड्याळाकडं बघतात. मी एकदा एसटी स्टँडवर बायकांसाठी संडास बांधा म्हणलं होतं. "लेखी द्या ताई," म्हणाले आबा. दिलं लेखी. ते कुठं गेलं देव जाणे. दर ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. म्हणजे ठराव कुणी मांडला आणि त्याला दुजोरा कुणी दिला. ती नावं सभा झाल्यावर ऑफिसात बसून घालतात. हे मला तवा माहीत नव्हतं.

एसटी स्टँडसमोर चिंचेच्या झाडाखाली आमच्या बायका बसतात, आठवडे बाजाराला. डोंगरातली पहिली गाडी तिथंच थांबते. पाटी उतरवली की चार पावलांवर बसायचं. पावसाळ्यात रानभाज्या, खेकडे, उन्हाळ्यात करवंदं, हिरडा, बाकी वर्षभर तांदूळ, वरई. आई माझ्या जन्माआधीपासून तिथं बसते. मी तिथंच रांगले असं सगळे सांगतात. त्या जागेचा कागद कुणाकडं नाही. पण आई एखाद्या बाजाराला आली नाही तर शेजारचा कांदेवाला तिची जागा धरून ठेवतो, दुसऱ्याला बसू देत नाही. आमची खालच्या गावातली ओळख म्हणजे तेवढीच जागा.

भूमिपूजनानंतर काही दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, आई सकाळीच माझ्या घरी आली. पाटी चिमामावशीजवळ ठेवून आली होती. चिमामावशी तिच्या वस्तीतली, तिच्याच शेजारी बसते. आईचा चेहरा नुसता फुलला होता.

"तुझा फोटू लावलाय गं झाडाला. माझ्या लुगड्यातला. केवढा मोठा. सत्कार हाय का तुझा?"

आईला वाचता येत नाही. मला काही कळंना. मशीन तशीच टाकून मी तिच्यासोबत गेले. वाटंत भेटंल त्याला आई सांगत होती, पोरीचा फोटो लागलाय म्हणून.

चिंचेला फ्लेक्स बांधला होता. वर आबा, हात जोडून. खाली मी, डोक्यावर पाटी घेतलेली. आणि मधी अक्षरं. नगरसेविका अमुक अमुक यांच्या सूचनेवरून व डोंगरभागातील भगिनींच्या सोयीसाठी, आठवडे बाजारातील ही बैठक ओढ्यापलीकडील नवीन मैदानात हलवण्यात येत आहे. ही जागा पर्यटकांच्या वाहनतळासाठी राखीव.

ओढ्यापलीकडं म्हणजे कचरा डेपोच्या शेजारी. तिकडं कोण गिऱ्हाईक जाणार? स्टँडवरून तिथवर डोक्यावर पाटी घेऊन चालत जायचं, आईच्या गुडघ्यांनी. माशा, धूर, मोकाट कुत्री. आणि हे सगळं माझ्या सूचनेवरून.

मी येण्याआधीच कांदेवाल्यानं बायकांना वाचून दाखवलं होतं. कुणी माझ्याकडं बघंना. चिमामावशी तेवढी बोलली, तीही खाली बघत. "तुला मत द्याया आमी तुझ्या वार्डात न्हाई बाई. पन तू निवडून आली तवा वस्तीत नारळ फोडला व्हता आमी."

आईला तवा कुठं समजलं. तिनं फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"तू सांगितलं व्हतंस का गं तसं?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी भांडले असते. आईनं विचारलं. जिनं सकाळपासून रस्ताभर माझं कौतुक केलं तिनं. मी नाही म्हणलं. पण फ्लेक्सवर हो लिहिलं होतं आणि खाली माझा फोटो होता. आईला दोन्हीतलं खरं काय ते ठरवावं लागलं, ह्याचं मला आजही रडू येतं.

स्टँडवर नगरपंचायतीचा मुकादम होता. त्याला म्हणलं, काढ तो फ्लेक्स. तो म्हणाला, आबांना विचारावं लागंल. मी घरी गेले, कापडाची कात्री आणली. ह्यांचा टेंपो स्टँडजवळच उभा होता. ह्यांना म्हणलं, झाडाखाली लावा. हे म्हणाले, "अगं, इचार कर." पण लावला. मी टपावर चढले आणि दोऱ्या कापल्या. अख्खा बाजार बघत होता. फ्लेक्स खाली पडला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की काही नाही. बायकांनी आपापल्या पाट्या झाकल्या आणि दुपारच्या गाडीला निघून गेल्या.

संध्याकाळी आबांनी बोलावलं. चहा दिला. चिडले नव्हते, तेच जास्त लागलं मला. लहान पोराला समजवावं तसं बोलले.

"तुमच्या समाजाचा विषय. तुमच्या नावानं आला की कुनी बोंब मारत न्हाई. म्हनून तुमाला सूचक केलं. नाव मोठं केलं तुमचं."

मी म्हणलं, मी असं कधी बोललेच नाही.

"बोलायचं नसतंच ताई. आमी हाय की बोलायला." मग कप खाली ठेवला आणि म्हणाले, "व्हॅलिडिटी यायचीय ना अजून तुमची?"

राखीव जागेवर निवडून आलं की जात पडताळणी समितीचा दाखला मुदतीत द्यावा लागतो. नाही दिला तर पद जातं. त्यालाच आमच्याकडं व्हॅलिडिटी म्हणतात. माझी फाईल समितीकडं पडून होती.

मी घरी चालत आले. डोक्यात एकच घोळत होतं. मंडपात उभं करायला मी आदिवासी. आमच्याच बायकांना उठवायचा ठराव मांडायला मी आदिवासी. आणि नाही म्हणलं, की मी आदिवासी आहे का नाही ते तपासायचं. माझी जात यांना हवी तेवढीच, आणि हवी तेव्हाच. त्या रात्री मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी मनापासून तिरस्कार केला. आबांचा नाही फक्त. त्या टेबलाभोवतीच्या सगळ्या गप माणसांचा.

पुढची सभा आली. पहिला विषय नेहमीचा, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. मागच्या वेळी जे झालं ते तसंच झालं असं सगळ्यांनी मान्य करायचं. त्यातच माझ्या नावाचा ठराव होता.

"विषय एक," लिपिक म्हणाला.

"मंजूर," आबा म्हणाले.

मी उभी राहिले. सभेत मी जपून बोलायचे, पुस्तकातलं, शुद्ध. त्या दिवशी तोंडाला डोंगरच आला.

"मंजूर न्हाई. म्या काय बी सुचवलं न्हाई. माझं नाव काढा, आन माझा इरोध लिवा."

कुणीतरी खुदकन हसलं. भाषेला हसलं का मला, कळलं नाही. लिपिकानं आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "बसा ताई."

मी बसले नाही. लिहिल्याशिवाय बसणार नाही म्हणलं. टेबलाची कड धरली होती. शेवटी मुख्याधिकारी साहेब, तरुणच आहेत, मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "घ्या लिहून."

लिहिलं. माझं नाव खोडलं. लगेच पलीकडच्या नगरसेवकानं हात वर केला, मी सूचक म्हणून. दुसऱ्यानं अनुमोदन दिलं. ठराव परत मांडला, परत मंजूर झाला. विरोध एक. झालं एवढं, आणि विषय दोन सुरू झाला.

मी जिंकले असं कुणी म्हणू नये. बायका ओढ्यापलीकडं गेल्या. आई पहिल्या बाजाराला गेली, धुरात दिवसभर बसली. भारंगीची भाजी आणली होती, सगळी कोमेजली. पाटी तशीच डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत चालत आली आणि माझ्या दारावरून गेली, आत आली नाही. त्यानंतर ती बाजाराला आलेली नाही. वर घरात बसून असते. भाऊ सांगतो, बाजाराच्या दिवशी पहाटे उठते, गाडीचा हॉर्न ऐकते, आणि परत गोधडी ओढून घेते. माझ्याशी बोलते, बरं आहे का, पोरं कशी आहेत. पण आधीसारखं नाही. मी नाही म्हणलं होतं ते तिनं खरं धरलं का नाही, मला अजून माहीत नाही. विचारायची छाती होत नाही.

ह्यांना आबांच्या माणसांचं भाडं बंद झालं. आता ओतूरच्या बाजूला भाडी शोधतात. एकदाही मला बोलले नाहीत.

माझ्या दाखल्यावर हरकत आली आहे. हरकत घेणारा मला ओळखतही नाही. समितीपुढं जायचं आहे, आमची दैवतं सांगायची, सोयरीक कुठं कुठं होते ते सांगायचं, आज्याचं नाव, पणज्याचं नाव. सांगीन. दाखला नाकारला तर पद जाईल. जाऊ दे. त्या खुर्चीसाठी मी आईला गमावत बसणार नाही.

बाजाराला बसायला व्हॅलिडिटी लागत नाही. चिमामावशीकडं मी निरोप धाडला आहे, माल माझ्याकडं पाठव. येत्या बाजाराला मी चिंचेखाली पोतं अंथरून बसणार. गाड्या लावायच्या तर माझ्या भोवतीनं लावा. मला उठवायला नगरपंचायतीची माणसं येतील, येऊ देत. ज्याचा हात माझ्या पाटीला लागंल त्याचं नाव मी विचारून घेणार. ज्यानं त्याला पाठवलं त्याचंही. आणि सभेत उभी राहून ती नावं मोठ्यानं वाचणार. सभेतून काढलं, तर बाजारात वाचणार.