सतरा नंबरचा चौकोन

विजूच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी दोरीच्या गाठी सोडवत बसले होते. वीस मीटरची नायलॉनची दोरी, दर मीटरला लाल फडक्याची खूण. वर्षभर माळ्यावर पडून तिचा पार गुंता होतो, आणि दसऱ्याच्या आधी तो सोडवायचं काम माझ्याकडे. "नीलामावशी, आई गेली गं," मुग्धा म्हणाली. सकाळी चहाचा कप हातात घेऊन खिडकीशी बसली, आणि कप खाली ठेवायच्या आत… मी दोरी तशीच मांडीवर घेऊन ऐकत राहिले. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता पडताळणी कोण करणार? अशा वेळी असलं काही सुचावं याची मला लाज वाटली. विजूला मात्र वाटली नसती. बरोबर प्रश्न आहे, असं म्हणून तिने उत्तर शोधायला कागद ओढला असता.

विजया म्हणजे आमची विजू. नाहूरला राहायची आणि मुलुंडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. मी तिथल्याच एका शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. सकाळी डोंगराच्या पायथ्याशी फिरायला जायचे, तिथे आमची ओळख झाली, आणि तीही भांडणाने. रानमोडीचं तण सगळीकडे माजलंय, कुड्याची रोपं कमी होत चाललीत, असं मी कुणाला तरी तावातावाने सांगत होते. मागून एक अनोळखी बाई म्हणाली, "कशावरून?" मी म्हटलं, दिसतंय की. त्यावर तिने विचारलं, मागच्या वर्षी दिसलं त्याच्याशी ताडून बघितलंत, की नुसतं वाटतंय? मला असा राग आला… आणि चार दिवसांनी मीच तिच्या दारात उभी राहून म्हणाले, मग मोजायचं कसं, ते तरी शिकवा.

तिला झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण माणसाच्या नजरेवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, आणि या कामाला तेच हवं असतं. डोंगराच्या त्या उतरणीच्या नकाशावर तिने पट्टीने चौकटी आखल्या, प्रत्येकीला नंबर दिला, नंबरांच्या चिठ्ठ्या करून पोळ्यांच्या डब्यात घातल्या आणि मला तीस उचलायला लावल्या. जिथे चिठ्ठी पडेल तिथेच मोजायचं. काटे असोत, उतार असो नाहीतर नुसता दगड असो. मी म्हणायचे, अगं, इथून दहा पावलांवर केवढी छान झाडी आहे. ती म्हणायची, छान जागा निवडलीस तर छानच दिसणार ना. अशा तीस जागी दोरीने चौकोन आखले आणि प्रत्येकाच्या चारही कोपऱ्यांना लोखंडी खिळे ठोकले. दरवर्षी तीच जागा, दसऱ्यानंतरचा तोच आठवडा, तीच दोरी. "झाडं बदललीत की आपण, हे कळायला हवं ना?" ती म्हणायची. "मग आपण बदलायचं नाही." एकीने रोपं मोजून आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसरीने तो परत म्हणायचा, मगच तो कागदावर लिहून शेजारच्या रकान्यात बरोबरची खूण करायची. एकटी असलीस तर स्वतःच परत म्हण, असंही तिने बजावलं होतं. कारण पहिल्या वर्षानंतर मी एकटीने मोजायचं आणि तिने मागाहून त्यातले तीन चौकोन पुन्हा मोजायचे, असं ठरलं होतं. तिचे आकडे पाकिटात बंद, आणि पाकीट दोघींनी मिळून फोडायचं. त्या तीन चौकोनांच्याही चिठ्ठ्याच काढल्या. त्यात सतरा नंबर आला.

सतरा नंबरला जायला मोठ्या वाटेवरून एका जांभळापाशी वळावं लागतं. पुढे जुन्या पाड्यातल्या घरांची जोती लागतात. पाडा कधी उठला, कुठे गेला, कुणाला माहीत नाही. चौकोन त्यातल्याच एका जोत्याला लागून आहे. पहिल्या वर्षी आम्ही दोघी तिथे पोचलो तेव्हा किड्यांची किरकिर एकदम थांबली. मी कुड्याची रोपं मोजली आणि म्हटलं, "बावीस." विजू म्हणाली, "बावीस." आणि तिने कागदाला पेन टेकवलं तेवढ्यात आणखी कुणीतरी बावीस म्हणालं… हलक्या आवाजात, चौकोनाच्या आतून. मी विजूकडे बघितलं. ती मान खाली घालून लिहीत होती. प्रतिध्वनी असेल, असं मी मनाशी म्हटलं, तिथे समोर ना कातळ ना विहीर, तरीही. परतताना आम्ही मुलांच्या परीक्षांबद्दल बोलत राहिलो.

दुसऱ्या वर्षी मी एकटी निघाले ती जांभळापर्यंतच गेले. पुढे पाय उचलेना. मी एका दगडावर बसून पाणी प्यायले, कागदावर एकवीस लिहिलं आणि शेजारी खूणही केली. एखादं रोप तर मरतंच, असा विचार करून. आठवड्याने विजूच्या घरी पाकीट फोडायला बसलो तेव्हा मी पकडली जाणार याची मला खात्री होती, आणि एका अर्थी बरंही वाटत होतं. पाकिटातल्या कागदावर सतरासमोर लिहिलं होतं, एकवीस. "झकास," विजू म्हणाली, "नजर पक्की आहे हं तुझी." तिसऱ्या वर्षी मी वीस लिहिलं. पाकिटातही वीस. मग एकोणीस, मग अठरा… मी जांभळाखाली बसून जे ठरवते, तेच डोंगर पुढच्या आठवड्यात विजूला दाखवतो, असं मला वाटायला लागलं. एकदा ठरवलं, दोनाने कमी करून बघू या. पेन टेकवलंही होतं. पण मनात आलं, खरंच दोन मेली तर? मी निमूटपणे एकच कमी केलं.

निवृत्त झाल्यावर विजू या सगळ्या आकड्यांवर लेख लिहायला बसली. बाकीचे चौकोन वरखाली व्हायचे, कधी चार रोपं जास्त, कधी सहा कमी. सतरा तेवढा पट्टीने आखल्यासारखा खाली उतरत होता. "नीला, जंगलात एवढी सरळ रेघ नसते गं," ती एकदा म्हणाली. "आणि यातला एक जरी आकडा खोटा निघाला ना, तर सगळ्याचीच वाट लागली. आपल्यावर मग कुणी का विश्वास ठेवावा?" त्या दिवशी मी सांगणारच होते. अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचाच आकडा दरवर्षी माझ्या खोट्याला साक्ष देत होता, आणि तिच्याइतकं सरळ माणूस मी दुसरं पाहिलेलं नव्हतं. मी विचारलं, चहा टाकू का?

ती जायच्या दहा दिवस आधी मी नाहूरला तिच्याकडे गेले होते. तिने माझ्यापुढे पाकीट ठेवलं. म्हणाली, यंदा मी आधीच जाऊन आले, गुडघ्यांचा काही भरवसा नाही. मला नवल वाटलं. आठवडा बदलला? विजूने? मी तसं विचारलं तर ती हसली, पण नेहमीसारखी नाही. "मोजून आलीस की मगच फोड," ती म्हणाली. "आधी फोडलंस तर मला कळेल." मी पाकीट पर्समध्ये टाकलं. गेल्या वर्षी आम्ही बारावर आलो होतो. म्हणजे यंदा अकरा, असं मी जिना उतरतानाच ठरवून टाकलं.

दसऱ्यानंतरच्या त्याच आठवड्यात, तिचं तेरावं व्हायच्या आधी, मी डोंगरावर गेले. बाकीचे एकोणतीस चौकोन उरकले आणि सतरा शेवटी ठेवला. जांभळाखाली त्याच दगडावर बसून पेन उघडलं. पण आता अकरा लिहिलं तर पडताळायला कुणी उरलं नव्हतं. होतं ते फक्त पाकीट, आणि ते जुळणार हे मला माहीत होतं. मी पेन मिटून उठले. भर सकाळची वेळ, ऊन पडलेलं, आणि मी जांभळ ओलांडून जोत्यांकडे चालू लागले.

चारही खिळे जागच्या जागी होते. आजूबाजूला रानमोडी कमरेएवढी वाढली होती, पण चौकोनाच्या आत तिची एक काडी नव्हती. कुणीतरी रोज वेचून काढावं, इतकी ती जमीन स्वच्छ. किरकिर थांबलेली. आवाज काढायची माझी छाती झाली नाही, म्हणून मी मनातल्या मनात मोजलं. तीनदा मोजलं. अकरा. कडेला बोटाएवढं एक वाळलेलं खोड होतं, बारावं. मी तिथेच बसकण मारली आणि पाकीट फोडलं.

विजूने लिहिलं होतं: "नीला, यंदा मी गेले नाही. त्या पहिल्या वर्षानंतर सतराला कधीच गेले नाही. बाकीचे दोन खरे मोजले. इथे मात्र जांभळाच्या पुढे पाय निघाला नाही. आदल्या वर्षीच्या आकड्यातून एक कमी करून लिहीत आले. दरवर्षी वाटायचं, आज पकडली जाणार, आणि दरवर्षी तुझ्याशी जुळायचं. न जाता माझं बरोबर कसं येत होतं, ते मला अजून कळलेलं नाही. तू खरं मोजत होतीस म्हणून आपले आकडे तरी वाचले. त्या पहिल्या दिवशी तिसऱ्यांदा कोण बोललं, हे तुला विचारायचं राहून गेलं. यंदाचा आकडा, अकरा."

मी खूप रडले. त्याच जांभळाखाली, कदाचित त्याच दगडावर, आठवड्याच्या अंतराने आम्ही दोघी बसत होतो आणि एकमेकींच्या खरेपणाच्या भरवशावर खोटं लिहीत होतो. ते हसण्यावारी नेता आलं असतं. पण आम्ही भिऊन एकेक कमी करत होतो आणि इथे खरोखरच एकेक कमी होत होतं. एखाद्या वर्षी आम्ही एक वाढवला असता तर… हा विचार मी अजून पुरा करू शकलेले नाही.

कागद भरायचा राहिला होता. मोठ्याने म्हटल्याशिवाय लिहायचं नाही. मी उभी राहिले, एकेका रोपाला बोट लावत पुन्हा मोजलं आणि म्हटलं, "अकरा." एकदाच म्हटलं. विजू लिहून घ्यायला जेवढा वेळ लावायची, तेवढा वेळ थांबले. इतकी वर्षं ज्या आवाजाला भ्याले, तो यावा म्हणून मी तिथे कान देऊन उभी होते.

विजूचा लेख आता मी पुरा करते आहे. सतरा नंबरच्या दहा वर्षांवर लाल काट मारली आहे आणि खाली आम्हा दोघींची नावं घालून कारण लिहिलं आहे. मुग्धा आधी नको म्हणत होती, मग तिनेच लाल पेन आणून दिलं. यंदाचा कागद तेवढा ठेवला आहे. विजूच्या टेबलावर, पोळ्यांच्या त्या डब्याखाली. खोटं लिहायचं नाही, असं ठरवल्यानंतरचा माझा तो पहिला कागद. त्यावर सतरासमोर अकरा लिहिलं आहे, आणि मी स्वतः आकडा परत म्हटला नव्हता, तरी शेजारच्या रकान्यात मी बरोबरची खूण केली आहे.