मामाच्या गाळ्याचा लिलाव

माझ्या मामाचं तोंड त्याच्या कात्रीपेक्षा जास्त चालतं. उभा जन्म त्यानं एका भाड्याच्या गाळ्यात लोकांचे केस कापले. मालक परदेशात जाऊन बसलाय, भिंतीला ओल आहे, पत्रा गळतो, मोरी तुंबते, हे गाऱ्हाणं त्यानं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. गालाला फेस लावलेला माणूस पळून जाणार तरी कुठं?

एक दिवस शटरवर पालिकेची नोटीस चिकटली. मालकानं वर्षानुवर्षं मालमत्ता कर भरला नव्हता, म्हणून गाळ्याचा लिलाव होणार होता. दुसऱ्या कुणी घेतला असता तर मामाची खुर्ची थेट रस्त्यावर आली असती. मामीनं मुदत ठेव मोडून पैसे हातात ठेवले आणि बजावलं, "बोली लावून या. पण हात जोडते, लिलावाचं कुणापाशी बोलू नका."

मामानं दुसऱ्याच दिवशी शेठना सांगितलं! शेठचा धंदाच असा, की कर थकल्यामुळे लिलावात निघालेल्या जागा घ्यायच्या आणि विकायच्या. दाढी मात्र दर आठवड्याला मामाकडे. अर्धी दाढी झाल्यावर मामाच्या लक्षात आलं, की आपण काय बोलून बसलो. मामीनं मग अबोलाच धरला.

लिलावाला मी सोबत गेले. शेठ पहिल्या रांगेत! मामानं हात वर केला. शेठ फाइल चाळत राहिले. मामानं घाबरून पुन्हा हात वर केला.

"काका, तुमचीच बोली आहे," लिलाव घेणारे साहेब म्हणाले. "स्वतःशीच भांडताय का?"

एक वार, दोन वार, तीन वार. मी हुश्श केलं. मामा मटकन खुर्चीत बसला आणि रडायलाच लागला.

बाहेर शेठ भेटले. "मी आजच्याच लिलावातल्या एका बंगल्यासाठी आलो होतो. तुमचा गाळा फुकट दिला तरी नको बुवा! ती ओल, तो पत्रा, ती मोरी... इतकी वर्षं ऐकतोय की. कशाला गळ्यात बांधून घेतलंत?"

घरी हे ऐकून अबोला धरलेली मामी पोट धरून हसली.

दुसऱ्या सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला फेस लावून मामानं सवयीनं सुरुवात केली, "ही भिंत बघा, मालक मेला..." आणि जीभ चावली.

मग घसा खाकरून म्हणाला, "मालक रंग देणार आहे. माणूस चांगला आहे."