अण्णांच्या कपाटातला लॅपटॉप

"लॅपटॉप मेला," फोनवर अण्णा म्हणाले. "सकाळधरनं बटन दाबतोय. न्हाई म्हंजी न्हाई. पाव्हणे बसल्यात समोर, अन् तुमचं मशीन तोंड काळं करून बसलंय."

मी विचारलं, "अण्णा, वायर लावली आहे का?"

"कसली वायर? वायर नसती म्हनूनच तर लॅपटॉप घेतला ना साळवे!"

फोन ठेवला तेव्हा आमचे शेठ माझ्याकडेच बघत होते. नगरला बाजारपेठेत त्यांचं कम्प्युटरचं दुकान होतं आणि विक्रीपासून दुरुस्तीपर्यंत तिथलं सगळं काम मी करायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुकानातून विकला गेलेला लॅपटॉप तोवर एकच होता, आणि तो राहात्याच्या अण्णांनी नेला होता. त्याला जेमतेम महिना झाला होता.

"साळवे, उद्या रविवार आहे," शेठ म्हणाले.

"हो."

"म्हणजे तुम्ही मोकळेच आहात. राहात्याला जाऊन या. गिऱ्हाईक मोठं आहे."

शेठबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. कॉलेजात कम्प्युटरला आठवड्यातून एकदा हात लागायचा, तोही बूट बाहेर काढून आणि पाय पुसून. अशा माणसाला दिवसभर कम्प्युटर उघडे करून बसायची नोकरी शेठनी दिली. त्यांनी रविवार मागितला तर तो मी देत असे.

आधी ती विक्री कशी झाली ते सांगतो, कारण चूक तिथेच झाली आणि ती माझी होती.

अण्णांच्या राहात्याला पेरूच्या बागा. मुलगी वंदना नगरला हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग शिकत होती, शेवटच्या वर्षाला. तिला कम्प्युटर हवा होता. अण्णा जीपमधून पाच माणसं घेऊन दुकानात आले: दोन भाऊ, एक मेहुणा, गावचे एक निवृत्त मास्तर आणि एक गृहस्थ ज्यांची ओळख शेवटपर्यंत झाली नाही. वंदना सर्वांच्या मागे उभी होती.

मी तयारीत होतो. माझ्याकडे हाताने काढलेला तक्ता होता. त्यावरून मी समजावून सांगितलं. हार्ड डिस्क म्हणजे घरातली कोठी, सगळं धान्य तिथे साठवायचं. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कोठी कितीही मोठी असली तरी ओटा लहान असेल तर एका वेळी एकच भांडं मांडता येतं. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारं माणूस. मास्तरांनी मान डोलावली, म्हणून बाकीच्यांनीही डोलावली.

अण्णांनी विचारलं, "ह्याच्यात सगळ्यात भारी कंचा?"

"अण्णा, तो कशासाठी हवाय यावर आहे."

"पोरीसाठी."

मी टेबलावरचा मोठा कम्प्युटर सुचवला. मागून वंदना हळूच म्हणाली की हॉस्टेलच्या खोलीत तेवढी जागाच नाही. मग मी कॅटलॉगमधला लॅपटॉप दाखवला, म्हणजे वहीसारखा मिटणारा कम्प्युटर. पाच पानं होती, पाच मॉडेलं. अण्णांनी थेट शेवटचं पान उघडलं. त्या पैशात दोन मोटारसायकली आल्या असत्या. मेहुण्याने शंका काढली, "हलका दिसतोय, टिकंल का?" त्यावर अण्णा म्हणाले, "हलकं असून म्हाग हाय, म्हंजी आत काय तरी असंलच."

मुंबईहून मशीन आलं. अण्णा हार घेऊन आले, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. प्रोसेसर कोणता, रॅम किती, यावर मी छत्तीस प्रश्न विचारले होते. हे मशीन राहणार कुठे, हा सदतिसावा प्रश्न मला सुचला नाही.

रविवारी एसटीने राहात्याला पोचलो. अण्णांचं घर नवं होतं. बैठकीच्या खोलीत सोफा होता आणि सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक. भिंतीवरच्या घड्याळालाही. बसलो की चरचर आवाज यायचा.

"आन गं ते," अण्णा आत बघून म्हणाले.

आत किल्ल्यांचा आवाज झाला. लोखंडी कपाट उघडलं, त्यातला खण उघडला. वंदनाची आई, काकू, दोन्ही हातांवर काहीतरी घेऊन बाहेर आल्या. वर लाल मखमली कापड, त्याखाली टॉवेल, त्याखाली प्लास्टिक, आणि त्याखाली लॅपटॉप. झाकणावर हळदीकुंकू. पडद्यावरची चिकट पारदर्शक फिल्मसुद्धा जशीच्या तशी.

मी विचारलं, "आणि याचा अ‍ॅडॅप्टर? काळा डबा आणि वायर?"

"ते बॉक्सात हाय. सील तोडलं न्हाई."

लॅपटॉपला आत बॅटरी असते. ती दोन-अडीच तास चालते. मग अ‍ॅडॅप्टर भिंतीला लावून ती पुन्हा भरावी लागते. हे मी दुकानात सांगितलं होतं. पण तेव्हा नारळ फुटत होता.

"दोनच तास?" अण्णा उडालेच. "माज्या मनगटावरच्या घड्याळाचा सेल दोन वरीस चालतो, साळवे! अन् एवढ्या पैशाचं मशीन दोन तास?"

"पण अण्णा, ते दोन तास कसे संपले?"

कसे संपले ते कळलं. पाहुणे आले की लॅपटॉप बाहेर यायचा. अण्णा बटण दाबायचे. पडद्यावर आपोआप पोहणारे मासे दिसायचे. पाहुणे 'वा' म्हणायचे. चहा संपला की मासे बंद. महिनाभर रोज चार-पाच मिनिटं मासे पोहले आणि काल थोरल्या लेकीकडचे व्याही आले तेव्हा नेमके संपले.

मी सील तोडलं. काकूंनी डोळे मिटून घेतले. वायर लावली, दिवा लागला, मासे परत आले. तक्रार मिटली होती. दुरुस्तीला लागलेला वेळ, एक मिनिट.

चहा घेऊन वंदना आली. सुट्टीला घरी आली होती. मी सहज विचारलं, "वंदनाताई, तुमचं काम कसं चाललंय यावर?"

तिने अण्णांकडे पाहिलं. अण्णा मासे बघत होते.

"सर, मी याला अजून हात लावलेला नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"लॅबमध्ये दोघींत एक मशीन मिळतं, तेही एक तास. प्रोजेक्ट मार्चअखेर द्यायचाय. तीन भागांतला एकसुद्धा धड झालेला नाही. नाही दिला तर वर्ष गेलं." मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि अण्णांनी सांगितलंय, यंदा पास झाले तर नोकरीचं बघू. नाही तर व्याह्यांकडून आलेलं स्थळ आहेच."

मला माझं कॉलेज आठवलं. पण तेव्हा आमच्या घरी मशीन नव्हतं. इथे होतं, जिल्ह्यातलं सगळ्यात भारी, तिच्यापासून दहा फुटांवर.

मी सरळच बोललो. "अण्णा, हा लॅपटॉप वंदनाताईंना हॉस्टेलवर नेऊ द्या."

"तिचाच हाय की!" अण्णा आश्चर्याने म्हणाले. "तिच्यासाठीच घेतला. फकस्त ठिवलाय हितं."

"पण तिला वापरायला..."

"हॉस्टेलात? चाळीस पोरी. एकीनं चहा सांडला, एकीनं पाडला. चोरीला गेला तर?"

"कुलूप लावू. विमा काढू."

"विम्यानं पैसं येत्याल. लॅपटॉप आला का माघारी?"

"मग सुट्टीला आल्यावर इथे बसून..."

काकू म्हणाल्या, "बटनं दाबून दाबून झिजायची न्हाईत का ओ? लोकं येत्यात बघाया. झिजकं काय दाखवायचं?"

 मी चहा पिऊन उठलो. अण्णा सोडायला अंगणात आले. तिथे पांढरी मोटार उभी होती, टपावर आच्छादन घातलेली. शेजारी ती जीप. एक दिवा फुटलेला, दाराला तार बांधलेली, मागे पेरूचे क्रेट.

"मोटार नवी दिसते."

"दोन वरसं झाली. लग्नाकार्यालाच काढतो."

"आणि पेरू मोटारीतून नेत नाही?"

"येडं का काय साळवे? तिच्यात पेरू? त्याला ही जीप हाय की. आपटू दे, चेपू दे, तिचं काय जातंय?"

मी थांबलो. म्हटलं, "अण्णा, तुमच्या लॅपटॉपला जीप नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग जीपकडे, मग घराकडे.

मी पुढे म्हणालो, "आत आहे ती मोटार. ती लग्नाकार्याला, म्हणजे पाहुण्यांना मासे दाखवायला ठेवा. हॉस्टेलला जुनं मशीन द्या. चेपलं तरी चालेल असं."

"जुनं चालंल का तिला? तिचं काम म्हंजी लई मोठं असंल." मग दाराशी उभ्या असलेल्या वंदनाला विचारलं, "कशाचं हाय गं तुजं ते प्रोजेक्ट?"

गेलं वर्षभर हा प्रश्न कुणी विचारला नसावा. ती म्हणाली, "आवर्तनाचं. भंडारदऱ्यातून पाणी सुटलं की कोणत्या चारीला किती दिवसांनी पोचेल, ते कम्प्युटरने सांगायचं."

त्या भागात धरणातून ठराविक काळाने कालव्याला पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. चारी म्हणजे कालव्याचा शेतापर्यंत येणारा फाटा. आपल्या चारीला पाणी कधी येणार, या एका प्रश्नावर अण्णांच्या बागा उभ्या होत्या.

"आपल्या चारीचं बी सांगंल?"

"लिहून झालं तर सांगेल."

"मग लिही की!"

"कशावर लिहू, अण्णा?"

अण्णांनी जीपच्या बॉनेटवर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साळवे, जीप बघा. पन दिसायला लई वंगाळ नको."

मी मनात म्हटलं, जितकी वंगाळ तितकी बरी.

दुकानाच्या माळ्यावर तसं मशीन होतं. एका कंपनीच्या फिरत्या साहेबाने नवं घेताना टाकून दिलेलं. विटेसारखं जाड, झाकणाला आडवा चरा, किबोर्डवरची निम्मी अक्षरं गायब. पण मदरबोर्ड उत्तम. मी रॅम वाढवली, म्हणजे ओटा मोठा केला. बॅटरी नवी घातली. फ्लॉपी ड्राइव्ह साफ केला, कारण कॉलेजात प्रोजेक्ट फ्लॉपीवरच द्यावा लागायचा. त्या फ्लॉपीची सोय अण्णांच्या भारी मॉडेलमध्ये नव्हतीच, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगतोय.

शेठ म्हणाले, "साळवे, गिऱ्हाईक मोठं आहे आणि तुम्ही त्याला भंगार देता? दुसरा नवाच द्या ना."

"शेठ, नवा दिला तर तोही कपाटात जाईल."

"मग तिसरा देऊ," शेठ गंभीरपणे म्हणाले.

 त्यांनी झाकणाकडे बोट दाखवलं. "निदान हा चरा तरी पॉलिश करा."

"चऱ्याला हात लावायचा नाही. त्याच्या जोरावरच तो हॉस्टेलला पोचणार आहे."

शेठनी मला दोन दिवस सुट्टी हवी आहे का, असं विचारलं. तब्येतीची चौकशी करायची त्यांची ती पद्धत होती.

डिलिव्हरी घ्यायला अण्णा एकटेच आले. ना हार, ना नारळ. मशीन उलटसुलट करून बघितलं, चऱ्यावरून बोट फिरवलं आणि चेहरा पाडला. "पिशवीत घाला," ते म्हणाले. "अन् साळवे, आमी हे घेतलं म्हनून कुनाला बोलू नका."

पुढच्या तीन महिन्यांत ते मशीन तीनदा माझ्या टेबलावर आलं. एकदा झाकणाची बिजागरी सुटली म्हणून. एकदा फ्लॉपी अडकली म्हणून. तिसऱ्यांदा एक बटण दाबलं जात नव्हतं. मी किबोर्ड उघडला तर खाली शेंगदाण्याची सालं आणि चिवड्यातलं डाळं. वंदना ओशाळली. "सर, रात्रीचं जेवण तिथेच होतं हो." मी ब्रशने सालं काढली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, पण तिला म्हटलं, "जपून वापरा." दुकानदाराला तसं म्हणावं लागतं.

प्रोजेक्ट वेळेत गेला. वंदना पहिल्या वर्गात पास झाली आणि पुण्याला एका कंपनीत लागली. स्थळ परत गेलं. अण्णांच्या चारीला पाणी किती दिवसांनी येईल तेही प्रोग्रामने सांगितलं. पाणी आठ दिवस उशिरा आलं, पण ती चूक पाटबंधारे खात्याची, असं अण्णांनी जाहीर केलं.

पेढे घेऊन ते दुकानात आले, पाचही माणसांसह. शेठच्या समोर माझ्या पाठीवर थाप मारली. "साळवे, मशीन निवडावं तर तुमी! एवढी पोरगी शिकली त्याच्यावर, पन एकदा कुरकुरलं न्हाई. अजून बघा, नवं कोरं हाय. ते दुसरं जुनं घेतलं, त्याचीच काय ती कटकट झाली."

मी पेढा घेतला.

त्यानंतर मी शेकडो विद्यार्थ्यांना मशिनं विकली. ज्याचं मशीन सारखं दुरुस्तीला येतं त्याची मी काळजी करत नाही. ज्याची सहा महिने काहीच तक्रार येत नाही, त्याच्या घरी फोन करून विचारतो, कपाटाची किल्ली कुणाकडे आहे.