बंद खोलीतला कूलर

सातवीतच शाळा सुटली, आणि पुढे बऱ्याच वणवणीनंतर बनारसला पोचलो. राजा घाटावरच्या गल्लीत राहणाऱ्या एका मराठी काकांनी मला त्यांच्या कचेरीत चिकटवलं. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. पण तेव्हा जिवाला घोर होता. नोकरी कच्ची, आणि काम एकच: कचेरीचं विजेचं बिल उतरवायचं.

"उतरलं तर पक्का होशील," काका म्हणाले. ते तिथले हेडक्लार्क. पिढ्यान्‌पिढ्या काशीत, त्यामुळे मराठी निम्मी हिंदी. "नाही उतरलं तर सामान बांध, बाबा. बडे साहेब बोलून चुकलेत."

बिल का फुगतं ते लवकरच कळलं. दुपारी लाइट जायची. उकाड्याने हैराण लोक बटणं खालीवर करून बघायचे आणि तशीच टाकून घरी जायचे. दिवेलागणीला लाइट आली की रिकामी इमारत एकदम जागी व्हायची. पंखे गरगरायचे, ट्यूबलाइट फडफडत पेटायच्या, कागद उडायचे. माणूस एकही नाही. मी देवाचं नाव घेत खोलीखोलीतून बटणं बंद करत जायचो.

सगळं शांत झालं तरी वरच्या मजल्यावर एक घरघर उरायची. तिथली खोली कुलूपबंद होती. तिथले साहेब चैत्रात वारलेले. दाराच्या फटीतून गार वारा यायचा, ओल्या वाळ्याचा वास यायचा. बंद खोलीतल्या कूलरला पाणी कोण घालतं?

किल्ली मागितली तर काकांनी मान फिरवली. "ती खोली राहू दे रे."

बिल आलं. जेमतेम उतरलं होतं. काकांनी किल्ली पुढे सरकवली.

त्या संध्याकाळी वर गेलो तर गॅलरीत त्या वारलेल्या साहेबांचा म्हातारा चपराशी उभा. कूलरची पाठ खिडकीबाहेर आलेली, तिच्यात बादलीने पाणी ओतत होता.

"का मराठा भइया, भूत देख लिया?"

"चाचा, ये पानी किसके लिए?"

"साहब के लिए. उनसे गरमी बरदाश्त नहीं होती." साहेब आत बसलेत अशा सुरात तो बोलत होता. "उस दिन बोले, कूलर चला दो. लाइट थी नहीं. हम बटन दबाते रह गए, और वो कुर्सी पर ही चले गए."

"बंद नहीं किया तो मेरी नौकरी जाएगी, चाचा."

"हमसे काहे पूछते हो? उनसे पूछो."

कुलूप काढलं. आत माघातल्या पहाटेसारखा गारठा. खुर्ची कूलरकडे वळलेली, तिच्या पाठीवरचा पांढरा टॉवेल हलत होता. मी हात जोडले. भीतीने तोंडून मराठीच निघाली, "साहेब, माझं पोट आहे यावर. बंद करू?"

बटणापर्यंत हात पोचण्याआधीच घरघर थांबली. टॉवेल खाली लोंबला.

लाइट गेली असेल म्हणून मागे वळून पाहिलं. जिन्यातला बल्ब जळत होता.

तरी मी बटण बंद केलं. बाहेर येऊन कुलूप लावलं. चपराशाने बादलीत उरलेलं पाणी ओंजळीत घेतलं आणि पितरांना सोडतात तसं, अंगठ्याच्या बाजूने, हळूहळू उंबऱ्यावर सोडलं.

"मान गए," तो म्हणाला. "अब आप रहिए."

पुढचं बिल उतरलं. मी राहिलो.