मोर्चाला लग्नाची वाजंत्री

मास्तरांची कादंबरी इतकी जळजळीत होती की घाटकोपरच्या वाचनालयवाल्याने ती पाककृतींच्या पुस्तकांमागे दडवली, तर आठवड्याभरात तिच्या शेजारचं लोणच्यांचं पुस्तक करपलं. हे मी स्वतः पाहिलंय. म्हणजे वाचनालयवाल्याने पाहिलं, आणि तो माझ्याशी कधी खोटं बोलला नाही.

कादंबरीत एक मंत्री गावची विहीर बुजवून तिच्यावर आपला बंगला चढवतो. शेवटी गावातल्या बायका रिकामे हंडे डोक्यावर घेऊन त्या बंगल्यावर चालून जातात. बस्स, एवढंच. पण वाचणाऱ्या प्रत्येकाला तो मंत्री ओळखीचा वाटायचा आणि तिथेच घोळ होता. मास्तर मुलुंडच्या एका शाळेत भूगोल शिकवत. पुस्तक आलं तेव्हा त्यांना वरून नुसती समज मिळाली होती. मग आणीबाणी आली आणि समज देणारे लोक माणसं उचलू लागले. मास्तरांच्याच शाळेतले चित्रकलेचे सर एका व्यंगचित्रापायी गेले ते अजून घरी परतले नव्हते.

नेमक्या या मुहूर्तावर माझ्या मित्राला त्या कादंबरीचा सिनेमा काढायची बुद्धी झाली. अंधेरीच्या स्टुडिओत इतरांच्या खुर्च्या उचलता उचलता तो दिग्दर्शन शिकला होता. पटकथा मी लिहिली. मास्तरांची एकच अट होती, शेवटच्या मोर्चातला एक हंडासुद्धा कमी करायचा नाही. आमचीही त्यांना एकच अट होती.

"मास्तर, शूटिंगला तुम्ही यायचं नाही. कादंबरीचं नाव निघालं आणि तुम्ही तिथेच सापडलात, तर संपलंच."

वर्गातली पोरं उद्यापासून अभ्यास करू म्हणतात तेव्हा मास्तर लोक जशी मान हलवतात, तशी त्यांनी हलवली.

आमच्याकडे फिल्म होती ती मोठ्या कंपन्यांच्या रिळांची उरलेली शेपटं. गोधडी शिवावी तसा सिनेमा जोडत आणला होता. मोर्चापर्यंत पोचलो तेव्हा एकच रीळ शिल्लक. म्हणजे मोर्चा एकदाच निघणार, चुकला तर चुकला. शिवाय त्या दिवसांत रस्त्यावर पाच माणसं एकत्र खोकली तरी पोलीस विचारायला येत. आम्हाला तर हंडेवाल्या शंभर बायका हव्या होत्या.

तोड मी काढली. अंधेरीच्या गावठाणात जुनी ख्रिस्ती घरं आहेत, आपल्यासारखंच मराठी बोलणारी. त्यांच्यात लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणायची रीत असते. उंबराचं पाणी म्हणतात. पुढे घुमट, म्हणजे त्यांचा मडक्याचा ढोल, वाजतोय, मागे लुगडी नेसलेल्या बायका गात चालल्यात, डोक्यावर भांडी. हा आयता मोर्चाच की. आवाज आम्ही नंतर स्टुडिओत भरणार होतो आणि कॅमेरा छपरावरून, बायका पाठमोऱ्या. बायकांनी गाणी म्हटली काय नि घोषणा दिल्या काय, पडद्यावर कोणाला कळणार? पोलीस आलेच तर म्हणू, लग्नाची फिल्म काढतोय.

विहिरीसमोरचं अंगण एका मावशीचं होतं. तिने गोष्ट ऐकली आणि मांडीवर अशी थाप मारली की अंगणातल्या कोंबड्या जोगेश्वरीपर्यंत पळाल्या. बायका गोळा करायचं कामही तिनेच घेतलं. मी विचारलं, मावशी, एवढ्यात गावात कोणाचं लग्न तर नाही ना, आपली अडचण व्हायची.

"या दिवसांत आमच्यात लग्नंच नसतात रं बाबा. आंगन मोकलंच हाय."

अंगण मोकळं म्हटल्यावर मित्र आणि मी इतके खूश झालो की त्याच्या पुढचं काही विचारावं हे दोघांच्याही टाळक्यात आलं नाही. गावच्या लेखी हे सगळं सिनेमातलं लग्न. पोलिसांना ते खरं म्हणून सांगायचा बेत फक्त आम्हा दोघांना ठाऊक होता.

शुक्रवारी दुपारी घुमटावर थाप पडली आणि बायका निघाल्या. डोक्यावर रिकामे हंडे, तोंडात नवरीचं गाणं, पण चाल अशी की खरा मंत्री समोर असता तर स्वतःच विहिरीत उतरला असता. छपरावर मित्राचे गाल ओले झाले. मी बाजूला उभा राहून रांगा बघत होतो. तिसऱ्या रांगेत बायकांच्या मधोमध, डोक्यावरून शाल घेतलेली एक आकृती हंडा तोलत चालली होती. पायांत पुरुषी चपला. नाकावर मास्तरांचा चष्मा.

मित्र "कट" म्हणाला आणि गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली.

फौजदार एकटाच उतरला. किडकिडीत, शांत. कॉलरच्या आत काळा दोरा दिसत होता. घुमट थांबला. लग्न कोणाचं, त्याने विचारलं.

आता मला एखाद्याने थोडक्यात विचारलं की माझ्याने थोडक्यात सांगवत नाही. मी म्हटलं, मावशीच्या भाचीचं. नवरा बोटीवर असतो, काल बसऱ्याहून उतरला, उद्या लग्न, परवा परत बोट. मंडप सात गल्ल्यांचा, पाहुणे थेट डहाणूपासून. त्याचा चेहरा हलत नव्हता, म्हणून मी आणखी पुढे गेलो.

"पाच डुकरं कापलीत साहेब. जेवल्याशिवाय सोडणार नाही तुम्हाला."

पुढच्या रांगेतल्या एका बाईने छातीवर क्रूस काढला. मावशीने डोळे मिटले.

"आज वार कुठला?" फौजदार म्हणाला.

"शुक्रवार. शुभ दिवस."

"उपासाचा शुक्रवार." त्याने काळा दोरा बाहेर ओढला. टोकाला क्रूस होता. "मी वसईचा. ईस्टर होईस्तोवर आमच्यात लग्न लागत नाही. वाजंत्री वाजत नाही. आणि आज घरात मटणाचा तुकडा येत नाही. तुम्ही पाच डुकरं कापलीत."

शंभर बायका होत्या, पण हंड्याला बांगडी लागल्याचासुद्धा आवाज आला नाही. मित्र कॅमेरा पोटाशी धरून शिडीवरून उतरत होता. फौजदाराने त्याला विचारलं, सिनेमा आहे का. मित्राने मान डोलावली. मग फौजदार आमच्या सगळ्यांकडे बघत म्हणाला, "कथा कोणाची?"

माझी, असं मी ताबडतोब सांगून टाकलं. काय आहे कथेत, म्हणाला. विहिरीतलं भूत, मी म्हणालो. एक हडळ असते, ती पाण्याला आलेल्या बायकांना...

"तिच्यात भूत नाही."

तिसऱ्या रांगेतून मास्तर पुढे आले. हंडा खाली ठेवला, शाल खांद्यावर घेतली. मी त्यांना डोळ्यांनी, भुवयांनी, जमेल त्या अवयवाने मागे ढकलत होतो.

"कथा माझी आहे," ते म्हणाले. "तिच्यात हडळबिडळ काही नाही."

फौजदाराने रिकाम्या हंड्यांकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं. "ती विहिरीची कादंबरी? ती तुमची?"

"माझी."

त्याने क्रूस कॉलरच्या आत सारला. मग मास्तरांशी न बोलता मित्राकडे वळला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "खबर वरपर्यंत गेलीय. मला रिकाम्या हाताने जाता येणार नाही. एक तर फिल्म द्या, नाहीतर हा माणूस. जे मागे राहील ते मी पाहिलंच नाही. तुम्ही सांगा."

मित्राचा हात कॅमेऱ्याच्या झाकणावर होता. तो तिथेच राहिला. विहिरीच्या कठड्याची सावली तेवढ्या वेळात मावशीच्या पायरीला टेकली असं मी लोकांना सांगतो, आणि मला अजून ते खोटं वाटत नाही. मास्तर दुसरीकडे कुठेच बघत नव्हते, फक्त त्या हाताकडे.

मग मित्राने झाकण उघडलं आणि रीळ भर उन्हात उपसून काढलं. फौजदाराने त्याची वेटोळी काखेत मारली. जीपकडे जाताना मावशीला म्हणाला, घुमट आत ठेवा, नाहीतर फादर येतील, त्यांना मी आवरू शकणार नाही.

बायका अंगणात बसल्या. मास्तर कठड्यावर टेकले. शाल त्यांनी गुडघ्यांवर ओढून घेतली.

"कसा झाला होता रे शॉट?"

"राहू दे मास्तर," मित्र म्हणाला.

"सांग ना."

"एक नंबर."

"मग फिल्म ठेवून मला द्यायचं होतंस."

रिकामा कॅमेरा उघडून मित्र आत फुंकर मारत बसला, जणू धूळच गेली होती.

मावशीने कोरी कॉफी आणली. पहिला कप मास्तरांना दिला आणि मला फैलावर घेतलं. डुकरं कापायच्या आधी एका शब्दाने इचारलं असतंस तर. मग बोलता बोलताच ती थांबली.

"लग्नाला उपास आड येतो," ती म्हणाली. "मयताला नाय येत. मयताला गाव निगालं, तर तोच फौजदार टोपी काडून उबा ऱ्हाईल. बायका काली लुगडी नेसतील."

मित्राने फुंकर थांबवली. स्टुडिओत आणखी शेपटं मिळतील का, याचा हिशेब त्याच्या कपाळावर दिसू लागला. मी मात्र सांगून टाकलं की पुन्हा काही करायचं असेल तर करा, पण मास्तर या गल्लीत पाऊल ठेवणार नाहीत. आज सुटले, दर वेळी वसईचा फौजदार नसतो.

मास्तरांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी चष्मा काढून शालीच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला आणि मावशीला विचारलं,

"मेलं कोण?"